लेकीच्या घरची कॉफी

आमच्या दादांच्या जिभेला पाली गावात मान होता. दादा म्हणजे माझे वडील. आईला आम्ही बाई म्हणायचो. दादा गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायला होते. सोसायटीला काचेचा लॅक्टोमीटर मिळालेला होता आणि दादा तो रोज नेमानं दुधात बुडवायचेही, पण गावाचा भरवसा त्या काचेवर नव्हता. कॅनमधून पळीभर दूध घ्यायचं, तळहातावर थेंब चोळून वास घ्यायचा, उरलेलं तोंडात घेऊन दोन्ही गालांत फिरवायचं आणि बाजूला थुंकायचं. मग एक तर "घ्या" म्हणायचं, नाहीतर "न्हाई". तिसरा शब्द नाही. एकदा माझ्या सख्ख्या चुलतीचं दूध त्यांनी "न्हाई" म्हणून माघारी लावलं. चुलती पुढं कितीतरी दिवस आमच्या दारावरून जाताना मान वळवून जायची. दादा म्हणायचे, "नातं घरात. कॅनमदी नातं कशाला?" सकाळचं दूध तपासून होईपर्यंत ते तंबाखूला शिवत नसत, कांदा खात नसत, चहासुद्धा घेत नसत. जिभेचं सोवळं म्हणा ना.

धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्या गावावरूनच पडली असावी असं मला लहानपणापासून वाटत आलंय. बिंदुसरेचं धरण आमच्या शेजारी. पण मी सांगते आहे त्या साली धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की खाली काळ्या मातीच्या खपल्या दिसायच्या, ताटाएवढ्या, कडा वर वळलेल्या. मधोमध एक डबकं उरलं होतं आणि त्यात कुणाच्या तरी म्हशी डोळे मिटून बसलेल्या असायच्या. गावात टँकर यायचा. म्हशींसाठी छावणीतून उसाचं वाढं यायचं, ते चघळून चघळून त्यांचे ओठ चिरले होते. सोसायटीतल्या कॅनांची संख्या घटत घटत चालली होती. तरी दादांना एक गंमत वाटायची. ते म्हणायचे, "यंदासारखं चोख दूध म्या जल्मात चाखलं न्हाई. लोक लई इमानदार झालेत." दुधात घालायला पाणीच नव्हतं, दुसरं काय!

मी तेव्हा बीडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी जिथं तिथं सांगते. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते. सकाळची एस.टी. धरायची, दुपारी परत यायचं, आल्यावर शेणघाण, आणि चुलीच्या उजेडात राज्यशास्त्र. हे मला मिळालं, कारण ते माझ्या बहिणीला मिळालं नाही. सुंदाआक्का माझ्याहून मोठी. सातवीत तिची शाळा सुटली, ती घरात बाईला हात लागावा म्हणून. मी शाळेतून यायचे तेव्हा ती भाकरी थापत थापत विचारायची, "आज काय शिकवलं गं?" आणि मी सांगायचे. थापायचा आवाज आणि माझा आवाज, असा आमचा अभ्यास चालायचा. तिचं लग्न होऊन ती गेली, त्यानंतर मला भाकरीचा आवाज ऐकला की उगीचच आज काय शिकवलं ते सांगावंसं वाटायचं. अजून वाटतं.

तिला दिली होती शिरूर कासारच्या मुलाला. तिथली निम्मी माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिचे सासू-दीरही साखर कारखान्याच्या टोळीबरोबर पश्चिमेकडं गेलेले असायचे. पण आमचे दाजी शिकलेले, फॉरेस्टात गार्ड लागलेले, आणि नेमणूक कुठं, तर चिखलदऱ्याला. विदर्भात, पार मेळघाटाच्या डोंगरावर. बाईनं ते नाव ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "नावातच चिखल हाय. म्हंजे पाऊस तरी पडत असंल."

त्या संक्रांतीनंतर सुंदाला सातवा लागला. आता पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडं नुसता रिवाज नाही, तो लेकीचा हक्क आहे. माहेराहून मुराळी जातो, म्हणजे बाप नाहीतर भाऊ, आणि लेकीला सन्मानानं घेऊन येतो. भाऊ आम्हाला नव्हता. दादांनी जायचं होतं. आणि दादा जात नव्हते. रोज संध्याकाळी याच्यावरून घरात ठिणग्या.

"आणून ठिवू कुठं?" दादा म्हणायचे. "बाळंतिणीला पाणी किती लागतंय, म्हाईत हाय का तुला? न्हाणं, धुणं, लेकराचं. हितं म्हशीला पाजून माणसाला उरंना."

"आड आटला म्हणून माहेर आटतं का?" बाई म्हणायची.

अशात एके दिवशी दाजी आले. शिरूरला म्हाताऱ्या वडिलांना बघायला निघालेले, वाटेत आमच्याकडं उतरले. पाणी प्यायले, एक फडक्यात बांधलेलं गाठोडं बाईच्या हातात दिलं, "सुंदीनं दिलंय" म्हणाले, आणि परतताना येतो, तवा मुराळ्याचं काय ते सांगा, असं सांगून पुढची एस.टी. धरून गेले. गाठोडं सोडलं तर आत बिया. राखाडी हिरव्या, एका अंगाला चपट्या, चपट्या अंगावर मधोमध चीर. बाईनं एक दाताखाली धरली. दात हलला असता.

"हुलग्याची जात हाय ही डोंगरातली," तिनं निकाल दिला. मी कॉलेजची मुलगी. मला विचारलं, तर मी म्हणाले, वालासारखं दिसतंय.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप लेकीच्या घरचं खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. लेकीच्या घरी गेलेच तर आपली शिदोरी आणि आपली पाण्याची बाटली घेऊन जायचं, उंबऱ्यावर बसून खायचं आणि यायचं. तेव्हा ते कडधान्य बाई स्वतः खाण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं तोड काढली. "जावई परत येतील तवा त्यांनाच उसळ करून घालू. त्यांचंच त्यांना." आणि तिनं निम्म्या बिया भिजत घातल्या. टँकरच्या पाण्यात! दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड यायला खुंटीला टांगल्या. मोड आले नाहीत. मग तशाच शिजत लावल्या. जळण गेलं, पाणी गेलं, बिया होत्या तशा टणक. पाण्याला मात्र मेंदीसारखा रंग आला. बाई पळीनं दाबून बघायची आणि म्हणायची, "सासरची माणसं कडक असतात तसं सासरचं धान बी कडक." शेवटी तिनं ते म्हशीपुढं ठेवलं. त्या वर्षी आमची म्हैस गोणपाट खात होती. तिनं हुंगलं, आणि तोंड फिरवलं.

दाजी परत आले आणि हे ऐकून ओसरीवर हसून हसून लवंडले. "अवो मामी, कॉफी हाय ती! कॉफी!"

कॉफी हा शब्द आमच्या घरात त्या दुपारी पहिल्यांदा उच्चारला गेला. मी तो पुस्तकात वाचला होता, पण पुस्तकात बी दाखवलेलं नव्हतं. दाजींनी सांगितलं की तिकडं डोंगरउतारावर इंग्रजांच्या वेळची कॉफीची झाडं आहेत, दाट सावलीत वाढतात, लाल बोरासारखी फळं येतात. तिथल्या नोकरमाणसांच्या बायका ती वेचतात, सोलतात, वाळवतात. सुंदाही जाते. "तिनं सांगितलंय, दादांनी एकदा चाखून बघावी. त्यांची जीभ काय म्हणती ते मला येऊन सांगा म्हणाली."

उरलेल्या निम्म्या बिया बाईनं दाजींच्या सांगण्यावरून खापरात भाजायला घेतल्या. आधी गवताचा वास आला, ओल्या कडब्यासारखा. मग लाह्यांसारखं तडतडायला लागलं, बिया फुगल्या, रंग चढत चढत गुळासारखा झाला, आणि मग असा धूर झाला की शेजारून हाक आली, "आगं, कावून एवढा धूर? काय जळालं?" आणि धुरामागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी तात्या आले. तात्या कुठल्याही वासामागं येणारे होते. तुमच्या गावात असा एक माणूस असेलच.

बियांची उखळात कुटून जाडसर भरड केली. पाणी उकळलं, त्यात भरड आणि गुळाचा खडा. काळंभोर पाणी बशीत ओतल्यावर तात्यांनी नाक वाकडं केलं.

"ही कॉफी? आरं, म्या सहकाराच्या अधिवेशनाला मुंबईला गेलतो तवा पिलतो. वर असा फेस असतोय. दुधाची असती कॉफी. हा तर काढा झाला."

"तात्या, दूध तुमच्या सोसायटीनं नेलं की सगळं," दाजी म्हणाले. "ह्या घरात फेस कुठला?"

"बरं बोलतेत जावई," तात्या हसले, आणि बशी सोडली मात्र नाही.

दादांनी बशी हातात घेतली. सकाळपासून त्यांनी तंबाखू घेतली नव्हती, हे मी पाहिलं होतं. त्यांनी आधी वास घेतला. मग तोंडात घोट घेऊन या गालातून त्या गालात नेला. बाईनं सवयीनं थुंकायला भांडं पुढं सरकवलं. दादांनी ते हातानं बाजूला केलं आणि घोट गिळला. मी दादांना चाखलेलं गिळताना पहिल्यांदा पाहिलं.

"घ्या का न्हाई?" तात्यांनी विचारलं.

दादांनी दुसरा घोट घेतला. मग सावकाश, जसं एखाद्या पाहुण्याचं वर्णन करावं तसं बोलायला लागले.

"पयल्यांदा कडू. पण करपल्यालं कडू न्हवं. मंग बाजूनं आंबूस येतंय, चिंचेचा कवळा पाला चावल्यावानी. अन् गिळल्यावर मागं हुरड्याची गोडी ऱ्हाती. ती गुळाची न्हाई. गूळ म्होरंच संपतो." थोडं थांबून ते म्हणाले, "ह्या झाडाला कंदी तहान लागली न्हाई."

"ते कसं कळलं?" मी विचारलं.

"तहानलेल्या म्हशीचं दूध जिभेला खरखरीत लागतं. बिनपाण्याच्या बोरीचं बोर घशात धरतं. ह्यात तसलं काय बी न्हाई. ही सुखाची चव हाय."

हे शास्त्राला धरून आहे की नाही मला ठाऊक नाही. आता कॉफीच्या पाकिटावर चवीचं वर्णन छापलेलं असतं. संत्र्याची झाक, चॉकलेटची झाक. मी वाचते आणि बाजूला ठेवते. सुखाची चव असं मी अजून कुठल्या पाकिटावर वाचलेलं नाही.

बाई चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन बसली होती. तिनं दाजींना विचारलं, "सुंदी रोज पिती का हे?"

"रोज सकाळी."

"पाणी कुठनं आणती?"

"आणायचं कशाला? क्वार्टरच्या मागं झरा हाय. उन्हाळ्यात बारीक होतोय, पण आटत न्हाई. पन्हळीनं दारात येतंय."

"न शेंदता?"

"न शेंदता."

"अन् आंघुळीला?"

"लागंल तेवढं, मामी."

दादांनी विचारलं, "तिचं काय म्हणणं हाय? येती म्हणती का?"

दाजी जरा घुटमळले. "ती काय बोलत न्हाई. दादा ठरवतील तसं, म्हणती."

तेवढ्यात बाईनं हात लांब करून दादांच्या हातातली बशी घेतली. दादा दचकले. "आगं, लेकीच्या घरचं हाय ते."

"म्हाईत हाय मला. तुमी बी गिळलंच की," बाई म्हणाली. आणि उरलेली सगळी कॉफी तिनं एका दमात पिऊन टाकली. तोंड असं वेडंवाकडं झालं की तात्यांना हसू फुटलं. "लई कडू हाय," ती म्हणाली, पदरानं ओठ पुसले आणि बशी खाली ठेवली. "मुराळी कुणी जायाचं न्हाई. मीच जाते तिकडं. तिथंच करते तिचं बाळंतपण. तिथलं पाणी बी पिणार अन् भाकर बी खाणार. द्येवाला काय सांगायचं ते माझं मी सांगन."

जी बाई महिनाभर माहेर माहेर करून भांडत होती तिनंच ते मोडलं होतं, आणि तिचा चेहरा जिंकल्यासारखाही नव्हता आणि हरल्यासारखाही नव्हता. मी तेव्हा बी.ए.ची मुलगी, मला तो निर्णय फार पुढारलेला वाटला. मी मनात म्हटलं, शाबास! रूढीपेक्षा माणूस मोठं.

शिवरात्रीनंतर बाई गेली. ज्वारीचं पीठ, डिंक, मेथ्या, जुन्या लुगड्याची दुपटी, सगळं घेऊन. घरात मी आणि दादा उरलो. मी टँकरला उभी राहून राज्यघटना पाठ केली आणि भाकरी करपवत परीक्षा दिली. दादा करपलेली भाकरी तपासल्यासारखी उलटीपालटी करून बघायचे आणि "घ्या" म्हणायचे. कॉफीची थोडी भरड डब्यात उरली होती. मी एकदा करू का म्हटलं, तर नको म्हणाले. पण संध्याकाळी सोसायटीतून आले की ते फडताळातला डबा काढायचे, झाकण उघडून वास घ्यायचे आणि पुन्हा झाकण लावून ठेवायचे. त्यांना बाईची आठवण येत होती की सुंदाची, हे मी विचारलं नाही. आमच्याकडं असलं विचारत नाहीत.

पाडव्याच्या सुमारास मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी पास झाले, आणि दादांनी सोसायटीत येईल त्या कॅनवाल्याला ते सांगितलं. बाई परतली ती चेहरा भरून, कातडीला तजेला येऊन. जन्मात तिनं एवढ्या पाण्यात आंघोळी केल्या नव्हत्या. पुढं कितीतरी वर्षं ती झऱ्याचं वर्णन करायची. "लेक सुखात हाय," असं म्हणून ते वर्णन संपायचं. सुंदा पुढच्या साली मुलीला घेऊन आली, चार दिवस राहिली, पाहुणीसारखी. मग दुसरी खेप तिनं तिकडंच केली, तिसरीही. पहिली तिकडं झाली होती, मग बाकीच्यांना माहेर कशाला?

दादा गेले, बाई गेली. मी मास्तरीण होऊन रिटायर झाले. गेल्या हिवाळ्यात मी सुंदाकडं जाऊन राहिले. दाजींच्या माघारी ती परतवाड्याला मुलीजवळ असते. मुलीनं चिखलदऱ्याचीच कॉफी आणली होती, भाजून, दळून, पाकिटात. आम्ही दोघी म्हाताऱ्या गच्चीत बसलो, आणि मी दादांसारखा घोट गालात फिरवून तिला ती सगळी दुपार सांगितली. दादांनी भांडं बाजूला कसं सारलं, बाईचं तोंड कसं झालं. तिला हे तपशील कुणी सांगितलेच नव्हते. ती खूप हसली. मी म्हणाले, "दादांचा निकाल चुकला नव्हता बघ. सुखाची चव म्हणाले."

"न्हाई चुकला," सुंदा म्हणाली. "कॉफी चांगलीच होती."

मग तिनं कप कठड्यावर ठेवला.

"बाई यष्टीतून उतरली ना शकू, तवा मी तिच्या पाया पडले अन् तिच्या खांद्यावरून मागं बघत ऱ्हायले. येड्यावानी. वाटलं, अजून कुणीतरी उतरंल. चुलती, शेजारच्या बाया, तू. सगळी पाली उतरंल. यष्टी निघून गेली."

"पण सुंदे, पाणी नव्हतं गं आपल्याकडं. तुला न्हाऊ कशानं घातलं असतं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की थोरली मी नाही, ती आहे, हे मला पुन्हा कळलं.

"येकेकीनं येकेक तांब्या आणला असता," ती म्हणाली. "आपापल्या घागरीतला. बाळंतीण हाय म्हणल्यावर पालीत न्हाई कोण म्हणलं असतं?"

कुणीसुद्धा नाही म्हटलं नसतं. चुलतीनंसुद्धा नाही.